पहिला सॅम्पलर कोणता घ्यावा? दीड सेकंदाचा हिशोब

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी थोडं नीटनेटकं केलंय, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झालाय. सोलापूरकडच्या एका श्रोत्याने पाठवलाय. कॉलेजात शिकतो, लग्नसराईत आणि गणपतीत ऑर्केस्ट्रामध्ये ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड वाजवतो. तो म्हणतो, "ताई, दोन सीझनचे पैसे साठवलेत. जुना हार्डवेअर सॅम्पलर कीबोर्ड घ्यायचाय. यूट्यूबवर बघून बघून डोकं फिरलंय. पहिला कोणता घेऊ? लॅपटॉपवर सगळं होतं हे मला माहितीय, पण मला बटणं आणि पट्ट्या हव्यात. आमचं घर गोंधळ्यांचं. आजोबांचा संबळ मला त्यात भरायचाय. त्यांचे हात आता थरथरायला लागलेत, म्हणून जरा घाई आहे."

मेसेज अठ्ठावीस सेकंदांचा आहे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आज आपण ज्या मशीनबद्दल बोलणार आहोत, त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये हा मेसेज मावलाच नसता. एकात तर "ताई, दोन सीझ..." एवढंच मावलं असतं.

कोणता घ्यायचा, हे मी सांगणार आहे. पण आधी इतिहास. कारण पहिला सॅम्पलर निवडताना मी स्वतः हाच इतिहास न वाचता पैसे घालवलेत. ते नंतर सांगते.

सॅम्पलर म्हणजे नेमकं काय?

सिंथेसायझर आवाज तयार करतो, सॅम्पलर आवाज पकडतो. बाहेरचा आवाज माइकमधून आत घ्यायचा, त्याचे आकडे करून मेमरीत ठेवायचे आणि मग पट्टी दाबली की वाजवायचे. वरची पट्टी दाबली की तेच आकडे भरभर वाचले जातात, म्हणून आवाज उंच होतो आणि लवकर संपतो. खालची पट्टी दाबली की सावकाश, म्हणून जाड आणि लांब.

तुम्ही सॅम्पल आधीच ऐकलेला आहे. लग्नात पॅडवाला रबरावर काठी मारतो आणि ढोलकी वाजते, ती ढोलकी कुणीतरी कधीतरी खरोखर वाजवलेली असते. फक्त तो माणूस आता तिथे नसतो.

आवाजाचे आकडे करताना दोन प्रश्न येतात. पहिला, एका सेकंदात किती वेळा मोजायचं? याला सॅम्पल रेट म्हणतात. जितक्या वेळा मोजाल, साधारण त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज पकडता येतो. दुसरा प्रश्न, प्रत्येक वेळी किती बारकाईने मोजायचं? ८ बिट म्हणजे आवाजाच्या जिन्याला २५६ पायऱ्या. १२ बिट म्हणजे ४,०९६. १६ बिट म्हणजे ६५,५३६. पायऱ्या कमी असल्या की आवाजात एक खरखर येते. ती खरखर आज लोक मुद्दाम विकत घेतात, तेव्हा ती मजबुरी होती.

आणि दोन्ही प्रश्नांच्या उत्तराला लागते मेमरी. ऐंशीच्या दशकात मेमरी प्रचंड महाग होती. सॅम्पलरचा सगळा इतिहास हा चणचणीचा इतिहास आहे. प्रत्येक मशीन म्हणजे त्या चणचणीवर कुणीतरी काढलेला वेगळा तोडगा.

टेपपासून आजीच्या घरापर्यंत

कॉम्प्युटरच्या आधीही हा खटाटोप झाला होता. १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन आला. कल्पना मूळची अमेरिकेतल्या हॅरी चेंबरलिन यांची. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक पट्टी. दाबली की टेप सरकते, सुमारे आठ सेकंद वाजते, सोडली की स्प्रिंगने परत जागेवर. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'च्या सुरुवातीला जी बासरी ऐकू येते, ती मेलोट्रॉनची. वर्ष १९६७. पण त्यात स्वतःचा आवाज भरायचा तर नव्याने टेपचा संच बनवायला हवा. घरबसल्या करायचं ते काम नव्हे.

आता ऑस्ट्रेलियात या. सिडनीमध्ये किम रायरी आणि पीटर व्होगेल हे दोन तरुण १९७५ च्या अखेरीपासून एका घराच्या तळघरात काम करत होते. घर रायरीच्या आजीचं. समोरच्या खाडीतून 'फेअरलाइट' नावाची फेरीबोट जायची, तेच नाव त्यांनी कंपनीला दिलं.

त्यांना सॅम्पलर बनवायचाच नव्हता, बरं का. त्यांना गणिताने आवाज घडवायचा होता: पियानोचा आवाज कशाकशाचा बनतो ते शोधून काढायचं आणि शून्यातून उभा करायचा. तो काही केल्या पियानोसारखा वाजेना. मग व्होगेलने रेडिओवरचा पियानोचा छोटासा तुकडा मशीनमध्ये घेतला आणि वेगवेगळ्या पट्ट्यांवर वाजवून बघितला. तो त्यांच्या सगळ्या गणितापेक्षा जास्त पियानोसारखा निघाला. त्यांना ती एक प्रकारची चोरवाट वाटली होती. जगाला मात्र तीच वाट आवडली.

१९७९ मध्ये फेअरलाइट सीएमआय बाजारात आला. स्क्रीन, त्यावर लिहायला लाइट पेन, आठ आवाज, ८ बिट. किंमत सुमारे १८,००० पौंड. तेव्हा ब्रिटनमध्ये साधारण तेवढ्यात साधंसं घर यायचं. पीटर गेब्रियल यांनी तो घेतला. केट बुश यांनी १९८० च्या 'बाबूश्का' गाण्यात त्यातून काचा फुटल्याचा आवाज वाजवला. त्यातल्या फ्लॉपीवर स्ट्राविन्स्की यांच्या 'फायरबर्ड'मधला वाद्यवृंदाचा एक दणका होता. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटाच्या 'प्लॅनेट रॉक'मध्ये तो वाजला आणि पुढे दहा वर्षं जगभरच्या पॉप गाण्यांत वाजत राहिला. शेवटी १९८५ च्या आपल्या अल्बमवर फिल कॉलिन्स यांनी छापून टाकलं की या रेकॉर्डवर फेअरलाइट नाही. कारण लोक कुठलाही आवाज ऐकून तेच समजायचे.

आणि एवढ्या पैशात मेमरी किती? एका आवाजाला १६ केबी. म्हणजे १६,३८४ आकडे. सेकंदाला २४,००० च्या वेगाने भरले तर पाऊण सेकंदही होत नाही. घराच्या किमतीत पाऊण सेकंद!

एकच वही, आठ जण

त्या पाऊण सेकंदाचं दुखणं कुठे होतं, ते कॅलिफोर्नियातल्या डेव्ह रॉसम यांना दिसलं. सांताक्रूझमध्ये रॉसम आणि स्कॉट वेज ई-म्यू नावाची कंपनी चालवत होते. दुसऱ्या एका कंपनीकडून येणारी रॉयल्टी बंद झालेली, नवं काहीतरी विकायलाच हवं अशी वेळ आलेली. १९८० मध्ये एका प्रदर्शनात त्यांनी फेअरलाइट बघितला.

फेअरलाइटमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतंत्र मेमरी होती. एकच पियानो आठ पट्ट्यांवर एकदम वाजवायचा तर तोच पियानो आठ जागी भरून ठेवायचा. म्हणजे वर्गातल्या आठ पोरांना एकाच पुस्तकाच्या आठ प्रती. रॉसम म्हणाले, पुस्तक एकच ठेवू, टेबलावर, मधोमध. आठही जण त्यातूनच वाचतील, फक्त प्रत्येक जण वेगळ्या पानावर असेल आणि वेगळ्या वेगाने वाचेल.

आकडे बघा. फेअरलाइटमध्ये आठ गुणिले १६, म्हणजे १२८ केबी. ई-म्यूच्या 'इम्युलेटर'मध्येही १२८ केबीच. मेमरी तेवढीच, पण वाटून घेतलेली. त्यामुळे कीबोर्डचे दोन भाग करून प्रत्येक भागात सुमारे दोन सेकंदांचा आवाज मावायला लागला. १९८१ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा किंमत दहा हजार डॉलरच्या घरात होती. पहिला नग स्टीव्ही वंडर यांच्याकडे गेला.

मग १९८४ मध्ये इम्युलेटर-२ आला, ७,९९५ डॉलरला. सतरा सेकंद आणि आवाज गोल करणारे अॅनालॉग फिल्टर. डेपेश मोड, पेट शॉप बॉईज यांच्या गाण्यांत तो भरलाय. 'फेरिस ब्युलर्स डे ऑफ' हा १९८६ चा सिनेमा बघितला असेल तर त्यातला पोरगा शाळा बुडवण्यासाठी फोनवर खोकण्याचे आवाज वाजवतो, ते याच कीबोर्डवर. आता शाळेतला मुलगा आठ हजार डॉलरचं मशीन घरी ठेवतो, हा त्या सिनेमातला सगळ्यात मोठा विनोद.

गरिबांचे सॅम्पलर

खरी दारं उघडली ती १९८५ मध्ये. पेनसिल्व्हेनियात एन्सोनिक नावाची छोटी कंपनी होती. तिच्या संस्थापकांपैकी बॉब यॅनेस यांनी त्याआधी कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरची आवाजाची चिप बनवली होती. यावेळी त्यांनी सॅम्पलरचं बरंचसं काम एकाच चिपमध्ये बसवलं. (तीच चिप पुढे अॅपलच्या एका कॉम्प्युटरमध्येही गेली.) त्या चिपवर मिराज नावाचा कीबोर्ड उभा राहिला. ८ बिट, आठ आवाज, साडेतीन इंची फ्लॉपी. किंमत १,६९५ डॉलर. इम्युलेटर-२ च्या जवळजवळ एक पंचमांश.

स्वस्ताई कुठून आली तेही बघा. मिराजवर स्क्रीन म्हणून फक्त दोन आकडी लाल दिवा. सगळ्या गोष्टी नंबराने, त्याही सोळाच्या पाढ्याच्या पद्धतीने, म्हणजे नवानंतर ए, बी, सी. कागदावर लिहून ठेवल्याशिवाय आपण काय बदललं ते कळतच नाही. पैसे वाचले, डोकं खर्च झालं.

त्याच सुमारास कॅसिओने एसके-१ आणला. बत्तीस छोट्या पट्ट्या, वरती माइक, चार आवाज एकदम, किंमत खेळण्याएवढी. सॅम्पलिंग १.४ सेकंद, सेकंदाला सुमारे ९,३८० मोजमापं. डिस्क नाही. नवा आवाज भरला की जुना गेला. पोरं त्यात कुत्रं भुंकवायची, ढेकर भरायची आणि त्यावर गाणी वाजवायची. सिडनीत घराच्या किमतीला जे मिळत होतं, ते सहा-सात वर्षांत पोरांच्या हातात आलं. वेळ तर जास्तच, फक्त आवाज अंधारातला.

नंतरची गाडी भरधाव आहे, पटापट सांगते. १९८६ मध्ये ई-म्यूचा ईमॅक्स: इम्युलेटर-२ चा धाकटा भाऊ, फिल्टर तसेच गोड, वजन आणि किंमत कमी. १९८७ मध्ये कॅसिओचा एफझेड-१: १६ बिट, आवाजाची लाट दाखवणारी स्क्रीन, एक एमबी मेमरी, म्हणजे पूर्ण वेगाने साडेचौदा सेकंद. १९८८ मध्ये एन्सोनिकचा ईपीएस: नावातच 'परफॉर्मन्स' आहे. एक आवाज वाजत असताना फ्लॉपीवरून दुसरा भरता येतो, हे त्याचं वैशिष्ट्य. स्टेजवर ही किती मोठी गोष्ट आहे ते ऑर्केस्ट्रावाल्यांना विचारा. आणि १९९२ मध्ये त्याचा वारस एएसआर-१०: १६ बिट, आतच इफेक्ट, आतच सीक्वेन्सर. वू-टँग क्लॅनचा रिझा, टिंबालँड, सुरुवातीचा कान्ये वेस्ट, हे सगळे एन्सोनिकच्या याच घराण्यातले.

चणचणीने शिकवलेले हात

आता या लोकांनी दोन सेकंदांत गाणी कशी बसवली? दोन युक्त्या सांगते, कारण जुनं मशीन घेतलंत तर त्या तुम्हालाही वापराव्याच लागतील.

पहिली, लूप. बासरीचा सूर दहा सेकंद हवाय, पण मेमरी एका सेकंदाची. मग सुरुवातीची फुंकर पूर्ण ठेवायची आणि मधला एक छोटा तुकडा परत परत फिरवायचा. सांधा चुकला की टक टक ऐकू येतं. तो सांधा शोधण्यात तासच्या तास जातात. पण त्यातून कान तयार होतो.

दुसरी, घाई. रेकॉर्ड जास्त वेगाने फिरवायची, म्हणजे आवाज कमी वेळात आत जातो, आणि मग तेवढ्याच खालच्या पट्टीवर वाजवायचा. वेळ जास्त मिळते. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांनी ई-म्यूच्या एसपी-१२०० वर हे भरपूर केलं. त्यात एकूण दहाच सेकंद होते. असं केलं की वरचा चकचकीतपणा जातो आणि आवाज मळकट, जाड होतो. तो मळकटपणा पुढे एका अख्ख्या काळाचा आवाज ठरला.

माझे बुडालेले पैसे

काही वर्षांपूर्वी मी परदेशातून ऐंशीच्या दशकातला एक सॅम्पलर कीबोर्ड मागवला. कुठला ते सांगत नाही, दोष मशीनचा नव्हता. विकणाऱ्याने लिहिलं होतं, "चालू होतो." फोटोत दिवे पेटलेले. मी खूश. मशीनच्या किमतीइतकंच भाडं आणि कस्टम ड्युटी भरली. खोका आला, घरातले सगळे गोळा झाले, ट्रान्सफॉर्मर लावून बटण दाबलं. दिवे पेटले, आणि मशीनने डिस्क मागितली.

डिस्क म्हणजे माझे आवाज ठेवायची डिस्क नव्हे. त्या मशीनचा मेंदूच फ्लॉपीवर असतो. ती फ्लॉपी आत घातल्याशिवाय ते नुसतं जड फर्निचर. माझ्याकडे ती फ्लॉपी नव्हती. ती मिळवली, तर ड्राइव्ह वाचेना. बुधवार पेठेतल्या एका काकांनी तो उघडला, साफ केला, पुन्हा बसवला. पहिला सूर वाजेपर्यंत सात महिने गेले. त्या काकांनी मला एक वाक्य शिकवलं: "बाई, पेटतं म्हणजे वाजतं असं नाही."

मिराज, ईमॅक्स, ईपीएस, एएसआर-१०, रोलँडचा एस-५०, हे सगळे मेंदू फ्लॉपीवरून घेतात. अकाईचा एक्स-७००० आणि रोलँडचा एस-१० यांच्यात तर २.८ इंची 'क्विक डिस्क' असते. ती आज शोधून सापडायची मारामार, आणि तिच्या ड्राइव्हमधला रबरी पट्टा जुना होऊन विरघळतो. म्हणून मशीन घेताना ड्राइव्ह आधी, आवाज नंतर. फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह लावणारं गोटेक नावाचं यंत्र मिळतं. बऱ्याच मशीनना ते चालतं, पण आतलं सॉफ्टवेअर बदलावं लागतं, कधी तारांची जोडणीही. आपल्या मॉडेलला ते कुणीतरी बसवलंय का, हे घ्यायच्या आधी बघा.

विकणाऱ्याला विचारायच्या गोष्टी, लिहून घ्या:

१. डिस्क आत घालण्यापासून आवाज वाजेपर्यंतचा न तोडलेला व्हिडिओ पाठवा.
२. प्रत्येक पट्टी एकदा हळू, एकदा जोरात वाजवून दाखवा.
३. समोर माइक लावून नवा आवाज भरून दाखवा. जुना वाजणं वेगळं, नवा घेणं वेगळं.
४. मशीन किती व्होल्टचं आहे? अमेरिकेतलं १२० चं, जपानमधलं १०० चं. आपल्याकडे २३०. ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलंत तर धूर निघेल.
५. पॅक करून वजन किती? ही मशीनं जड आहेत. भाडं विचारून मगच भाव करा.

मग पहिला कोणता?

लोक विचारतात, सगळ्यात चांगला आवाज कोणाचा? मला वाटतं हा प्रश्नच चुकीचा आहे. चांगला आवाज तुमच्या फोनमध्ये आहे. फोन सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो, १६ बिटमध्ये. इम्युलेटरची सगळी मेमरी त्या दर्जाने भरली तर सुमारे १.४ सेकंदांत संपेल. जुना सॅम्पलर तुम्ही चांगल्या आवाजासाठी घेत नाही. तुम्ही एक चणचण विकत घेता. म्हणून विचारायचं ते हे: कुठली चणचण मला झेपेल?

हात राखून शिकायचंय, पैसे थोडे आहेत, तर एसके-१. बिघडायला डिस्क नाही, पट्टी दाबली की वाजतं, आणि १.४ सेकंदांत काय ठेवायचं हे ठरवायची सवय लागते. चणचण वेळेची आणि चकाकीची. आवाज साठवून ठेवता येत नाही हेही स्वीकारा.

खरखर हवी आहे, वही-पेन घेऊन बसायची तयारी आहे, तर मिराज. चणचण दिसण्याची: मशीन तुम्हाला काहीच दाखवत नाही.

गोड, गोल आवाज हवाय आणि जवळ दुरुस्ती करणारा माणूस आहे, तर ईमॅक्स. चणचण सुट्या भागांची.

स्टेजवर रोज वाजवायचंय, तर ईपीएस, आणि पैसे पुरले तर एएसआर-१०. चणचण तुमच्या पाठीची आणि खिशाची.

फेअरलाइट आणि इम्युलेटर? त्यांची गोष्ट ऐका, व्हिडिओ बघा, आणि पहिलं मशीन म्हणून विसरून जा.

आणि या सगळ्याच्या वरचा नियम: जे तुम्हाला स्वतःच्या हाताने वाजवून बघता येईल, ते मशीन यादीतल्या सगळ्यात भारी मशीनपेक्षा बरं. नाशिकात कुणाच्या माळ्यावर चालता एफझेड-१ असेल, तर परदेशातल्या न बघितलेल्या एएसआर-१० पेक्षा तो घ्या.

आणि संबळ

आता सोलापूरच्या मित्रा, तुझ्याशी बोलते.

संबळाची दोन तोंडं आहेत, एक लहान, एक मोठं. काठी पडताना जो कडाड होतो, तो खूप वरच्या कंपनांचा असतो. एसके-१ सेकंदाला ९,३८० वेळा मोजतो, म्हणजे ४,७०० च्या वरचं त्याला ऐकूच येत नाही. त्यात संबळ भरलास तर मोठ्या तोंडाची घुमी येईल, लहान तोंडाचा कडाड जाईल. तुला तो कडाड हवाय. म्हणून तुझ्यासाठी एसके-१ नाही. तू ईपीएस शोध. वाजता वाजता दुसरा आवाज भरता येतो, तुझ्या ऑर्केस्ट्राला ते लागेल. फ्लॉपी ड्राइव्ह तपासून घे. सहा महिने लागले तरी चालतील.

पण तू घाईचं बोललास, आणि तिथे तू दोन गोष्टी एकत्र बांधल्यास. मशीनची घाई आणि आजोबांची घाई. मशीन चाळीस वर्षं थांबलंय, अजून थोडं थांबेल. आजोबांसाठी मशीन लागत नाही.

येत्या रविवारी फोन घे. घरातल्या पंख्याचं बटण बंद कर, खिडक्या लाव, मागे गोधडी टांग. फोनमध्ये आवाज न दाबता रेकॉर्ड करणारं अॅप घे, वेव्ह फाइल निघेल असं. फोन संबळापासून हातभर लांब, थोडा वर. आधी एकेक बोल सुटा घे: लहान तोंड, मोठं तोंड, दोन्ही एकदम, हळू, जोरात. प्रत्येक ठोका पूर्ण विरेपर्यंत थांब, मध्ये कुणी बोलायचं नाही. प्रत्येक बोल आठ-दहा वेळा घे. सॅम्पलरला एकच ठोका परत परत दिला की मशीनगन वाजते. माणूस दोनदा सारखं वाजवत नाही, म्हणून आठ ठोके.

हात थरथरतोय म्हणून तो ठोका फेकू नकोस. मी काढून टाकलेले असे ठोके नंतर शोधत बसले आहे. आणि सुटे बोल झाले की रेकॉर्डिंग बंद करू नकोस. त्यांना हवं तसं, हवं तितकं वाजवू दे. अर्धा तास, एक तास. ते सॅम्पलरमध्ये कधीच मावणार नाही. ते मावण्यासाठी नाहीच. त्याच्या दोन प्रती कर, एक स्वतःकडे, एक बहिणीकडे किंवा काकांकडे.

मशीन येईल तेव्हा त्या तासाभरातून तुला दीड-दोन सेकंद निवडावे लागतील. ती निवड कुठलाही सॅम्पलर तुझ्यासाठी करणार नाही. सिडनीतल्या त्या दोघांकडे पाऊण सेकंद होता, तुझ्याकडे आजोबा आहेत. रविवारी वाजवून घे, आणि घेतलंस की मला कळव.

बाकीच्या मंडळींसाठी गृहपाठ: घरातला एक आवाज निवडा, बरोबर १.४ सेकंदांचा. कुकरची शिट्टी नको, ती सगळेच पाठवतात. पाठवा, पुढच्या भागात मी ते एसके-१ वर वाजवून दाखवीन. एकेक करून, कारण त्यात एका वेळी एकच मावतो.

भेटू पुढच्या भागात.